लग्नाआधीची कार्यशाळा आणि लग्नानंतरचं वर्ष: एका वरमाईचा अभिप्राय

नाशिकला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. नवरीचे ब्लाऊज, आरीवर्कवाले, पॅडवाले, सगळे. लग्न ठरल्यापासून पुढे वर्षभर मुली काय काय बोलतात ते मी टेप गळ्यात अडकवून ऐकत असते. मापाला येतात तेव्हा डेस्टिनेशनचे फोटो दाखवतात, आणि पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीचा ब्लाऊज टाकायला येतात तेव्हा ‘काकू, जरा बसू का’ म्हणतात. त्यामुळे माझ्या मुलाचं लग्न ठरलं आणि आमच्या ज्ञातिसंस्थेची विवाहपूर्व कार्यशाळा असते असं कळलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता की ही मंडळी लग्नानंतर असतात का. संस्थेचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत आणि मला याच लोकांत राहायचंय.

जोडप्याला पंधराशे रुपये, आईवडील येणार असतील तर माणशी तीनशे, चहा-नाश्ता-जेवण धरून. गंगापूर रोडवरचं मंगल कार्यालय, रविवार, वेळ साडेनऊची. सुरू झालं साडेदहानंतर. आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग प्रमुख पाहुणे. पाहुण्यांनी अर्धा तास ‘संसार म्हणजे तडजोड’ हे सांगितलं आणि सांगताना नजर पूर्ण वेळ मुलींच्या खुर्च्यांकडे. एकदाही मुलांकडे बघून ‘तडजोड’ म्हणाले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. नावनोंदणीच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना होता. एका आंतरजातीय जोडप्यातल्या मुलीने तो कोरा सोडला, तर टेबलावरच्या स्वयंसेवकाने तिला परत पाठवून भरायला लावला. टिकाऊ संसाराची शिकवण द्यायला बसलात आणि पहिल्याच कागदावर हे?

पण हे सगळं विसरायला लावलं ते समुपदेशक बाईंनी. कौटुंबिक न्यायालयात बरीच वर्षं काम केलेल्या बाई. आवाज चढवत नाहीत, सुविचार सांगत नाहीत. मुलामुलींचं सत्र आमच्याशिवाय झालं. तिथलं मला गाडीत दोघांनीच सांगितलं आणि इथे लिहायची होणाऱ्या सुनेने परवानगी दिली आहे. बाईंनी प्रत्येकाला कोरा कागद दिला. हातात येणारा पगार, चालू हप्ते, घरी द्यायचे पैसे, कोणाला उसने दिलेले, सगळं एकमेकांना न दाखवता लिहायचं आणि मग कागद बदलायचे. माझ्या चिरंजीवांच्या कागदावर बाईकचा हप्ता होता, क्रेडिट कार्डावर घेतलेल्या मोबाईलचा हप्ता होता आणि एका मित्राला दिलेले चाळीस हजार होते, जे मलाही ठाऊक नव्हते. तिच्या कागदावर धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी होती आणि खाली, ‘अजून दोन वर्षं मीच भरणार’. बघण्याच्या कार्यक्रमात ही वाक्यं कोण बोलतं? आमच्याकडे कांदेपोह्यांच्या बशीवरून फक्त पॅकेज विचारतात.

आणि हे कळायला दुसरी जागा कुठली आहे मला सांगा. दुकानात ऐकलेल्या निम्म्या रडगाण्यांचं मूळ माहेरी पाठवलेल्या पैशांत असतं. ‘यांना सांगितलं नव्हतं’ इथून सुरुवात होते.

डॉक्टरांचं सत्र उरकलं. मुलं एका खोलीत, मुली दुसऱ्या खोलीत, वीस मिनिटं, त्यात प्रोजेक्टर बंद. एकत्र ऐकायच्या गोष्टी वेगवेगळ्या ऐकवून काय साधलं?

वकीलबाई चांगल्या होत्या. आधी नोंदणीचं सांगितलं. महाराष्ट्रात विवाह मंडळांचं नियमन आणि विवाहनोंदणी यांचा १९९८ चा एकच कायदा आहे. लग्नाची नोंदणी नव्वद दिवसांत करायची आणि पैसे घेऊन स्थळं सुचवणाऱ्या मंडळांनीही स्वतःची नोंदणी करायची. हे ऐकून मागच्या रांगेतले एक मध्यस्थ पाणी प्यायला उठले. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, देणंही गुन्हा आणि घेणंही. मग म्हणाल्या, घटस्फोटाचं बोलणं अशुभ वाटत असेल तर कान झाका, मी सांगणार आहे. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज सहसा घेतच नाहीत, फारच हाल असतील तर कोर्ट परवानगी देतं. परस्पर संमतीची सोय १९७६ मध्ये आली. तिथेही अर्जानंतर सहा महिने थांबायचं, मात्र २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की योग्य प्रकरणात हा काळ माफ करता येतो. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयं आली आणि त्यांच्यासोबत समुपदेशक नेमायची तरतूद आली, म्हणजे सरकारलाही मध्ये बोलणारं माणूस हवं असं वाटलंच. ‘पण माझ्यापर्यंत जोडपी येतात तेव्हा बोलायचं फार थोडं उरलेलं असतं,’ हे समुपदेशक बाईंनी मध्येच जोडलं.

आणि एक गोष्ट दोघींनी ठणकावून सांगितली, त्यासाठी त्यांना दंडवत. हात उगारला तर त्याला मतभेद म्हणायचं नाही. तिथे समाजातल्या चार वडीलधाऱ्यांनी बसून समेट घडवायचा नाही. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. व्यासपीठावरच्या दोन पदाधिकाऱ्यांचे चेहरे पडले, कारण ‘आम्ही इतके संसार सावरले’ हे त्यांचं ठरलेलं भाषण असतं. कुणाला काय सोसायला लावून सावरले, ते कोणी विचारत नाही.

पालकांचं सत्र जेवणानंतर. (जेवण बरं. मसालेभात छान, पुऱ्या गार.) निम्मे वडील पार्किंगमध्ये, आमचे हे त्यांत पुढे. त्यांना फोन करून आत बोलावलं. बाईंनी विचारलं, सून ऑफिसातून साडेआठला येते, मुलगा सातलाच घरी आलाय, भाजी कोण टाकणार? सगळे वडील एका सुरात, ‘आई आहे की!’ हशा झाला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं धरा, आता सांगा. मग कोणी बोलेना.

पुढे प्रत्येकाने ‘पहिल्या वर्षात मी काय ठरवणार नाही’ ते लिहायचं होतं. एका बाईंनी लिहिलं, फ्रिज कुठे ठेवायचा. एक गृहस्थ म्हणाले, मुलांनी मूल कधी जन्माला घालायचं. मी लिहिलं, सुनेने कुठला ब्लाऊज कधी घालायचा. लोक हसले, पण मी गंमत करत नव्हते. स्लीव्हलेस शिवून घेतलेले आणि घडीही न मोडलेले ब्लाऊज मी पाहिलेत. मग अधिक महिन्याच्या वाणाचा विषय निघाला. जावयाला तेहतीस अनारसे द्या, गोड आहे. सोबत चांदीचं ताट यायलाच हवं असं किती घरांत बोलून झालंय, असं विचारल्यावर दोनच हात वर आले. बाकीचे खिशात होते.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. संस्था वर्षभर सोबत देते. प्रत्येक जोडप्याला एक ‘पालक जोडपं’, नात्यातलं नाही, वीसेक वर्षं संसार केलेलं. ते वर्षातून तीनदा भेटणार, मध्ये फोन करायचा असेल तर करायचा. न्यायनिवाडा करायचा नाही, फक्त ऐकायचं आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे पाठवायचं. कल्पना सोन्यासारखी आहे. आपल्याकडे लग्न जमवायला अख्खा समाज पळतो, पण पुढे त्या घरी माणूस फिरकतं ते थेट ‘काही गोड बातमी?’ विचारायला.

पण चार वाजता चहाच्या टेबलावर एक पालक जोडप्यातल्या बाई मला आपणहून सांगायला लागल्या, गेल्या वर्षीच्या अमक्या जोडप्यात काय बिनसलंय ते. नाव नाही घेतलं, पण गल्ली सांगितली, मुलीची कंपनी सांगितली. आमच्या समाजात एवढं पुष्कळ झालं. माझ्या धंद्यात एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसरीच्या कानावर गेली तर दुसऱ्या दिवशी शटर खाली. या बाईंना तेवढंही भय नव्हतं. मी निघण्याआधी समुपदेशक बाईंना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या की पालक जोडप्यांचं प्रशिक्षण एका दुपारचं असतं, ते कमी पडतंय. प्रामाणिक उत्तर. पण मुलांना मी स्पष्ट सांगितलंय, पालक जोडपं मागताना दुसऱ्या भागातलं मागा, जमलं तर ज्ञातीबाहेरचं. असं मागता येतं, फॉर्मच्या मागच्या बाजूला तशी सोय आहे, फक्त ती कोणी सांगत नाही.

जावं का? जावं. लग्नाच्या दोन-तीन महिने आधी जावं, खरेदीची धावपळ सुरू झाल्यावर डोकं ठिकाणावर राहत नाही. साडेदहाला पोचलात तरी काही चुकत नाही. वडिलांना गाडीची किल्ली काढून घेऊन आत बसवा. पाचपैकी साडेतीन देते. एक पूर्ण कापला तो चहाच्या टेबलाचा, अर्धा पोटजातीच्या रकान्याचा. गार पुऱ्यांचे कापले नाहीत.