चौघांचा डाव, तिघं एका खिशातले

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मुनीम आहे. हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, चालू असताना मान वर करायला फुरसत नसते. बीट संपून वजनाचा काटा लागेपर्यंत मात्र मोबाईल हातात. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये त्या मधल्या वेळात माझे २३ हजार ८३० रुपये गेले. बोअरची मोटर जळाली होती, तिच्यासाठी ठेवलेले.

लुडो मला चांगला येतो. हे आधी सांगतो, कारण घात तिथूनच झाला. चौघांत खेळताना पळायची घाई करायची नाही. पटाच्या ५२ घरांपैकी आठच घरं सुरक्षित असतात, होता होईल तो गोटी तिथंच थांबवायची. उघड्यावर ठेवावीच लागली तर मागच्या गोटीपासून निदान सात घरं पुढं. मग छक्क्यावर पुन्हा फासा पडला तरच ती सापडते. आणि कुणी फार पुढं निघालं की बाकीचे त्याच्या मागं लागतात, तेव्हा आपण गुपचूप दुसऱ्या नंबरवर राहायचं. ही सगळी हुशारी एका गोष्टीवर उभी आहे, चौघं एकमेकांचे वैरी असले पाहिजेत.

आधी मी एका ॲपवर खेळायचो. शंभराचा डाव, चौघांचे ४००, जिंकणाऱ्याला ३४०. चौघं सारखेच तयार असले तर शंभरातले पंचवीस डाव आपले, आणि नुसतं बरोबरीत सुटायला तीस लागतात. हा हिशेब मी कागदावर मांडला होता. म्हणूनच तिथं ओळख झालेला एकजण "आमच्या ग्रुपला या, पाचच टक्के कटतात" म्हणाला, तेव्हा तो मला आपला माणूस वाटला.

ग्रुप व्हॉट्सॲपचा. पैसे ॲडमिनला यूपीआयनं आधी पाठवायचे, तो टेबलावर बसायचा रूम कोड देणार. मेसेज ठरलेला: "टेबल तयार, एक जागा बाकी." पन्नासाचे नऊ डाव खेळलो, चार जिंकलो. ७६० रुपये पाच मिनिटांत खात्यावर. मग पाचशेचे बावीस डाव, जिंकलो दोन. ते ३,८०० "जमा राहू द्या" म्हणाले, राहू दिले. हरलेले भरून काढायला दोन हजाराच्या टेबलावर बसलो.

दोष मी फाशाला देत होतो. खरं तर दहा वेळा फासा टाकून एकही छक्का न पडणं शंभरात सोळा वेळा होतंच. चौथा डाव हरत होतो तेव्हा मागं उभा असलेला आमचा हमाल म्हणाला, "मुनीमजी, पिवळ्यानं हिरव्याला काहून सोडलं? तीन पडले ना त्याला."

पुढचे दोन डाव पावतीपुस्तकाच्या पाठीवर पेननं रेघा ओढत खेळलो. त्या तिघांपैकी एकाला दुसऱ्याची गोटी मारायची संधी नऊ वेळा आली, एकदाही मारली नाही. माझी गोटी सात वेळा टप्प्यात आली, सातही वेळा मेली. पुरावा गोळा करायला चार हजार घातले; असा मुनीम कुणी ठेवू नये. व्यापारी आपसात ठरवून भाव पाडतात, ही शेतकऱ्यांची तक्रार रोज कानावर येते, आणि तेच पटावर समोर घडत असताना मला दिसलं नाही.

नंतर डोक्यात आलं: ॲडमिनही त्यांचाच, मग त्या तिघांनी पैसे भरले तरी कशाला असतील? टेबलावर खरे पैसे फक्त माझे. मी जिंकलो तरच त्यांच्या खिशातून काही जाणार, म्हणून पन्नासाला जिंकू द्यायचं.

जमा असलेले ३,८०० मागितले तर म्हणाले, तीस टक्के टीडीएस आधी भरा. ११४० भरले. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर तीस टक्के कर एप्रिल २०२३ पासून आहे, ही गोष्ट खरी. पण तो देणाऱ्यानं कापून घ्यायचा असतो, आपल्याकडून वर मागायचा नसतो. त्यात मी तर तोट्यात! निव्वळ जिंकलेलं होतंच कुठं? दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून मला काढलं.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, त्यावर फोन केला तो सहा दिवसांनी. लाजेपोटी. तोवर पैसे त्या खात्यातून पुढं कुठंकुठं गेलेले. तासाभरात केला असता तर बँकेत अडवायची काही आशा असते. पावत्या, चॅट, रूम कोडचे स्क्रीनशॉट पुसू नका, तेच तक्रारीला लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाराला आहे, खेळून फसलेल्याला नाही. तेव्हा आपणच अडकू या भीतीनं गप्प बसू नका.

बंदी झाली तरी असले ग्रुप आहेतच. गेल्या आठवड्यात काट्यावरच्या पोरानं मोबाईल दाखवला. "टेबल तयार, एक जागा बाकी." मी वरची सगळी कहाणी त्याला सांगितली. ऐकून घेतलं त्यानं.

"पन्नासाचाच खेळतो हो, मुनीमजी."