कुत्रं-मांजर असलेल्या घरात कुठला व्हॅक्युम टिकतोय बघा

आमच्यात टिळकवाडीत एक लॅब्रा आणि दोन मांजरं, त्यामुळं सोफ्यावर केस, गादीवर केस, आमटीत पण कधीतरी केस. पहिला स्वस्तातला घेटलो होतो, डब्यावर मोठ्ठं १६०० वॅट लिहिलेलं बघून फसलो, वॅट म्हणजे लाईट किती खातो ते, ओढायची ताकद नव्हे. आठ महिन्यांत मोटर जळली, आणि दुकानदार म्हणतो कसा, केसच जास्त हाईत की तुमच्यात! (खोटं नव्हे म्हणा.)

आता घेटलोय तो बॅगवाला, मोटरवर फिरणाऱ्या ब्रशचा. बिनबॅगेचा डबा रिकामा करताना निम्मी धूळ परत तोंडावर, ते नकोच झालतं. ब्रशला केस गुंडाळतातच, आठवड्याला कात्रीनं कापून काढायचे. फिल्टर खरा हेपा बघूनच घ्या, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आईच्या शिंका कमी झाल्या. मोटरपुढचा स्पंजचा फिल्टर धुवायचा असतो, पण पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका, आणि बेळगावात जुलैत काय वाळतंय, म्हणून एक जादा आणून ठेवलोय.

आवाज मात्र लय, सुरू केला की मांजरं थेट माळ्यावर.