विमान कंपनीच्या प्रवास-अटी आणि सामानाचे नियम : तबला-डग्ग्यासह वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

मी तबला वाजवते. साथीच्या निमित्ताने पुण्याहून दिल्ली, कोलकाता, बंगळुरू असं सतत जाणं-येणं असतं आणि आयोजक तिकीट काढतात ते बहुतेक सगळ्यात स्वस्त दराचं. प्रत्येक विमान कंपनीच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी 'कंडिशन्स ऑफ कॅरेज' म्हणजे प्रवास-अटींचं लांबलचक पान असतं. तिकीट काढताना आपण 'मान्य आहे' यावर टिचकी मारतो, ते मान्य केलेलं सगळं त्या पानावर असतं. गेलं वर्षभर मी ते फोनमध्ये उतरवून ठेवलं, काउंटरवर उघडून दाखवलं, तक्रारीत त्यातली कलमं लिहिली. ते कामाचं आहे. उशीर आणि रद्द झालेल्या उड्डाणांबद्दलचा भाग प्रवाशाला खरंच आधार देतो. सामानाचा भाग मात्र कंपनीच्या सोयीने लिहिलेला आहे, आणि वाद्यांबाबत तर तो अन्यायाचा आहे. ज्यांचा चरितार्थ सामानात बांधलेला असतो, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे.

आधी वजन. देशांतर्गत साध्या तिकिटावर १५ किलो खाली टाकायला आणि ७ किलो हातात. शिसवी तबला आणि तांब्याचा डग्गा, वर चुट्टे (वाद्याखाली ठेवायची कापडी कडी) आणि कडक केस, हे ७ किलोत बसत नाही. गायक काळी एकमध्ये गाणार आणि दुसऱ्या दिवशी गायिका काळी चारमध्ये, अशा दौऱ्यात सूर बदलतो, म्हणून दोन तबले लागतात. म्हणजे वाद्य खालीच टाकावं लागतं, आणि कपड्यांना राहतात जेमतेम चार-पाच किलो. इथे एक बारीक अट आहे, ती फार जणांना माहीत नसते. काही कंपन्या हे १५ किलो एकाच नगात मागतात. वाद्याची केस एक आणि कपड्यांची बॅग दुसरी असली, तर वजन १४ किलो भरलं तरी दुसऱ्या नगाचे वेगळे पैसे पडतात. आयोजकाला तिकिटासोबतच जादा नग किंवा जादा वजन घ्यायला सांगा. आधी ऑनलाइन घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. विमानतळावर किलोमागे ५०० रुपयांच्या वर जातात आणि तिथे घासाघीस चालत नाही.

तबला सुरात लावायची हातोडी हातातल्या सामानात चालत नाही. हत्यारं आणि अवजारांच्या यादीत ती येते, सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि परत मिळत नाही. ती खालच्या बॅगेत. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच हवी, खाली टाकायची नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची विनापरवानगी चालते. घरच्यांसाठी सुकं खोबरं नेणार असाल तर तेही खालच्या सामानात बंद आहे. खोबऱ्यात तेल असतं आणि ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २०२४ च्या ऑक्टोबरात केबिनमध्ये नारळ न्यायला ठरावीक मुदतीची खास सवलत दिली होती, यावरून एरवीचा नियम किती कडक आहे ते कळतं.

आता खरा मुद्दा, तो लाल टॅग. वाद्य काउंटरवर दिलं की 'फ्रॅजाइल' लिहिलेला टॅग लावतात. आपल्याला वाटतं, आता ते जपून हाताळतील. पण त्याच टॅगवर, बहुतेक मागच्या बाजूला, एक वाक्य असतं: वस्तू नाजूक आहे किंवा बांधणी अपुरी आहे, त्यामुळे नुकसानीची जबाबदारी कंपनीवर नाही. त्याखाली आपली सही घेतात. मागे रांग असते, कर्मचारी पेन पुढे करतो आणि आपण सही करतो. प्रवास-अटींत याचाच मोठा भाऊ असतो: वाद्यं, काच, नाशवंत वस्तू, दागिने, कागदपत्रं यांसाठी आम्ही जबाबदार नाही. तबला, सतार, मिरजेचा तंबोरा, सगळं या एका ओळीत जातं.

मी तीन गोष्टी नेमाने करू लागले. केस देण्याआधी वजनकाट्यावर ठेवलेल्या अवस्थेत उघडून फोटो काढते, पुडीचा (तबल्यावरच्या चामड्याचा), डग्ग्याच्या पोटाचा आणि केसच्या कडांचा. टॅगवर सही करताना सहीच्या शेजारी 'कडक केस, वस्तू सुस्थितीत' असं हाताने लिहिते आणि त्याचाही फोटो घेते. आणि उतरल्यावर बेल्टजवळच केस उघडते, घरी जाऊन नाही.

हे तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. एका परतीच्या प्रवासात डग्ग्याच्या पोटाला मोठा पोचा आला होता आणि तबल्याची पुडी गजऱ्याजवळ, म्हणजे कडेच्या चामडी वेणीजवळ, फाटली होती. मी हॉलमधून बाहेर न पडता कंपनीच्या सामान-कक्षात गेले आणि 'प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट' म्हणजे पीआयआर भरून घेतला. कर्मचारी म्हणाला, ईमेल करा, नंतर बघू. मी नम्रपणे पण ठामपणे तिथेच उभी राहिले. त्या कागदाचा क्रमांक हातात नसता तर पुढे काहीच झालं नसतं. कंपनीचं पहिलं उत्तर अपेक्षित होतं: तुम्ही टॅगवर सही केली आहे, जबाबदारी नाही. मी उत्तरात लिहिलं की तांब्याच्या भांड्याला स्वतःच्या नाजूकपणामुळे पोचा येत नाही, तो आपटल्यावर येतो, आणि बांधणी अपुरी होती असं म्हणायचं तर हा फोटो बघा. काही आठवड्यांनी पुडी बदलण्याचं आणि डग्गा ठोकून घेण्याचं बिल त्यांनी भरलं. त्या डग्ग्याचा घुमार पूर्वीसारखा राहिला नाही आणि त्याची भरपाई कोणत्याच कलमात नाही. हे मला अजूनही सलतं.

भरपाईचे आकडे मुद्दाम देते, कारण काउंटरवर ते कुणी सांगत नाही. देशातल्या प्रवासात सामान हरवलं, खराब झालं किंवा उशिरा आलं, तर कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे कमाल २०,००० रुपये. चांगली जोडी याच्या वर सहज जाते, मग तंबोरा किंवा सरोदचं काय? आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे दीड लाख रुपयांहून बरीच जास्त. पुणे–दिल्ली–लंडन असं एकाच तिकिटावर असेल तर पुणे–दिल्ली हा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचा भाग धरतात, म्हणून परदेश दौऱ्यात आतला टप्पा वेगळ्या तिकिटावर काढू नका. याच कराराचं २६ वं कलम म्हणतं की जबाबदारी टाळणारी किंवा मर्यादा खाली आणणारी कोणतीही अट रद्दबातल ठरते. वस्तूच्या अंगभूत दोषामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच कंपनी सुटते. लाल टॅगवरचं सरसकट वाक्य तिथे टिकणं अवघड आहे.

मुदती पाठच करा. खराब सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा आलेल्याची मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलंच नाही तर ते हरवलं असं धरून दावा करता येतो. दाव्याची मुदत २ वर्षं.

जास्त किमतीचं वाद्य असेल तर आधी किंमत जाहीर करून जादा शुल्क भरण्याची सोय कागदावर आहे. मी ती मागितली तेव्हा काउंटरवर त्याचा फॉर्म कुणाला ठाऊक नव्हता, आणि उड्डाणाआधी तासभर काउंटर बंद होतो, तेवढ्यात असा फॉर्म शोधून मिळत नाही. त्यामुळे मी शेवटी वाद्याचा वेगळा विमा घेतला. तंबोऱ्यासाठी वेगळी सीट घेणं हा दुसरा उपाय. काही कंपन्या देतात, खिडकीकडची, पट्ट्याने बांधून. भोपळा फुटण्याची भीती असेल तर हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग, पण त्यासाठी आधी फोन करून लेखी मंजुरी घ्या. एटीआरसारख्या छोट्या विमानात वरचे कप्पे लहान असतात, तिथे हातातली बॅगही दारातच घेतात, हे लक्षात ठेवा.

उशिराबद्दल थोडक्यात, कारण हा भाग बराच स्पष्ट आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तासांहून जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं द्यावं लागतं. ६ तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण परतावा. पुरेशी आधी सूचना न देता रद्द केलं तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाई. पक्कं तिकीट असूनही जादा बुकिंगमुळे चढू दिलं नाही तर ती २०,००० पर्यंत जाते. हवामान, सुरक्षा, हवाई वाहतूक नियंत्रण अशा आवाक्याबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. २०२५ च्या डिसेंबरात देशभर उड्डाणं रद्द झाली ती वैमानिकांच्या वेळापत्रकामुळे. माझ्या मते ते कारण कंपनीच्या आवाक्यातलंच आहे. आमच्यासाठी सगळ्यात कठीण अट वेगळीच आहे: मैफल चुकली, मानधन गेलं, तर अशा पुढच्या नुकसानीची जबाबदारी कंपनी घेत नाही. म्हणून मी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच जाते आणि आयोजकांना तसं ठरवतानाच सांगते.

तक्रारीची वाट अशी: आधी कंपनीचे नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी, मग सरकारचं एअरसेवा हे तक्रारींचं पोर्टल. प्रत्येक टप्प्यावर पीआयआर क्रमांक, टॅगचा फोटो, वाद्याचं बिल. कारागिराकडून हाती लिहिलेली पावती मिळते, तीही चालते, फक्त तारीख आणि सही हवी. अटींत अनेकदा 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात' असं लिहिलेलं असतं. ते वाचून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.

विमान कंपन्यांना आणि डीजीसीएला, म्हणजे त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, माझी मागणी साधी आहे. वाद्यासाठी पुरेशी बांधणी म्हणजे काय, ते अटींत लिहा: केस कोणती, आत अस्तर किती, जास्तीत जास्त माप काय. ती बांधणी आम्ही पूर्ण केली तर लाल टॅगवर सही मागू नका. किंमत जाहीर करण्याचा फॉर्म तिकीट काढतानाच ऑनलाइन द्या. तबल्यावर, सतारीवर, हार्मोनियमवर पोट असलेले किती कलाकार, किती विद्यार्थी रोज या काउंटरवर उभे राहतात. मिरज, पुणे, कोलकाता, बनारस इथल्या कारागिरांची महिनोन्महिन्यांची मेहनत त्या पट्ट्यावरून जाते. निदान तेवढं लेखी आश्वासन आम्हाला मिळायलाच हवं.