डबल कॅब पिकअप: चोपड्यात चौदा महिने वापरल्यानंतर

डबल कॅब पिकअप म्हणजे पुढे-मागे दोन रांगा सीट आणि पाठीमागे मालाचा उघडा हौदा. गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी आईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हाई गाडी शे का माडी?" हसण्यावारी नेलं होतं. आता वाटतं, शोरूममध्ये मी तेवढाच प्रश्न विचारायला हवा होता.

घरात आम्ही पाच. शेती केळी आणि कापसाची. जुनी जीप विकली तेव्हा अटी दोनच होत्या: पाचही जण नीट बसले पाहिजेत आणि फवारणीची दोनचाकी ट्रॉली ओढता आली पाहिजे. बोलेरो कॅम्पर स्वस्त पडत होती, पण तिला पिवळी पाटी, म्हणजे मालवाहू नोंदणी. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेसची तपासणी, पुढे दरवर्षी. म्हणून पांढऱ्या, म्हणजे खासगी पाटीच्या टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस बघितल्या. घेतली कोणती ते सांगत नाही. नाव घेतलं की लोक नावावरच भांडतात. दोन्ही सव्वापाच मीटरपेक्षा लांब, दोन्हींना मागे कमानपाटे, ताकद दोन्हींत दीडशे अश्वशक्तीच्या वर. ओढण्यासाठी ताकदीची चिंता करूच नका.

चिंता करायची ती मागच्या सीटची. पाठीला लगेच हौदा असल्यामुळे तिची पाठ सरळसोट असते, आणि पाटे वजनासाठी बनवलेले असल्यामुळे रिकामी गाडी मागून उडते. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर अडावदपर्यंत जाऊन या, कळेल. मी केबिनला टेकून खताच्या तीन गोण्या बांधून ठेवतो, तेव्हा जरा माणसात येते.

आता ट्रॉली. पाचशे लिटरची टाकी, म्हणजे पाण्याचेच पाचशे किलो, आणि सांगाडा धरून साडेसातशेच्या आसपास. पहिल्याच महिन्यात विदगावच्या तापी पुलाकडे जाताना साठच्या वेगात ट्रॉली मागे शेपटीसारखी हलायला लागली. बायको शेजारी, मुलं मागे. ब्रेकवर पाय जात होता, तो आवरला; स्टिअरिंग सरळ धरलं आणि अॅक्सिलरेटर हळूहळू सोडला. चाळीसला आल्यावर शांत झाली. घरी आल्यावर कापूस मोजायच्या काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रॉलीचं तोंड त्यावर टेकवलं. काटा वीस किलोवर! एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकवर यायला हवा. वेल्डरनं टाकी चाकांच्या मागे सरकवून बसवली होती. ती एक वीत पुढे घेतली, काटा सत्तरवर गेला आणि शेपूट बंद. तेव्हापासून टाकी भरलेली तरी नेतो, नाहीतर पूर्ण रिकामी. अर्धी टाकी ब्रेक मारला की पुढे येऊन ढकलते.

हुक बसवणाऱ्यानं दिव्यांची वायर नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती. पहिल्या पावसात ट्रॉलीचे इंडिकेटर गेले. जोड सोल्डर करून घ्या आणि साखळ्या हुकखाली फुलीसारख्या अडकवा. रस्त्यावर ट्रॉलीसुद्धा कायद्यानं वाहनच असते, तिची नोंदणी वेगळी.

मायलेज रिकामं बाराच्या आसपास, ट्रॉलीसकट आठ. शेत-घर एवढंच चालवलं तर बीएस ६ डिझेलचा फिल्टर काजळीनं भरतो आणि दिवा लागतो. मग शिरपूरपर्यंत एक मोकळी फेरी मारावी लागते. बायको त्याला 'फिल्टरच्या नावानं फिरणं' म्हणते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, डांबरावर लावू नका, पुढची-मागची चाकं एकमेकांना अडवतात. काळ्या मातीत मात्र पावसाळ्यात तिनं दोनदा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवायचा वाचवला. सातपुड्यातल्या मनुदेवीच्या देवळाच्या वाटेलाही कामाला आली.

हिवाळ्यात हौद्याचा मागचा फळका उघडला की भरताच्या पार्टीला आयता ओटा मिळतो. मुलं वांग्यांसकट त्यावरच बसतात.

आईसाठी पायरी लावून घेतली, तरी ती लाकडी पाटल्यावर पाय ठेवूनच चढते. पाटला कायम हौद्यात. धुळ्याला मावशीकडे जायचं निघालं की मी चावी घेतो आणि ती पिशवी उचलते. पंचाहत्तरी ओलांडलीय तिनं. "एस्टी फुकट शे," म्हणते, "पाय बी पसरता येतस."