आयटीआय, गॅरेज की तीन महिन्यांचा कोर्स? एका ऑइल बदलीवरून केलेली तुलना

दहावीचा निकाल लागला की आमच्या वर्कशॉपच्या दारात एखादा तरी बाप मुलाला घेऊन उभा असतो. कधी निफाडहून, कधी दिंडोरीहून, कधी इथूनच पंचवटीतून. प्रश्न ठरलेला: "पोराला आयटीआयला घालू, का तुमच्याकडेच ठेवून घेता?" आता त्यात कौशल्य विकासाच्या तीन-चार महिन्यांच्या कोर्सचीही भर पडली आहे. मी काही वर्षं शिकवण्याचं काम केलं, आता नाशिकला आडगाव नाक्याच्या बाजूला गाड्यांची सर्व्हिसिंग करतो. तिन्ही वाटांनी आलेली मुलं हाताखालून गेली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

कामावर घेण्याआधी मी प्रत्येकाला एकच काम देतो. एका डिझेल पिकअपचं ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचं. मी बाजूला उभा राहतो, मध्ये बोलत नाही. इजा होईल किंवा इंजिन बिघडेल असं दिसलं तरच थांबवतो. काम संपलं की पाच-सहा प्रश्न विचारतो. ऑइल बदली हे सगळ्यात साधं काम समजतात, पण मुलगा काय शिकलाय आणि त्याला कुणी कसं तपासलंय हे त्यात पुरतं दिसतं.

एकच पिकअप, तीन मुलं

गॅरेजमध्ये वाढलेला मुलगा थेट गाडीखाली सरकतो. चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट कुठल्या मापाचा आहे हे तो बघूनच सांगतो, गरम ऑइल मनगटावर येणार नाही अशा बेताने नट काढतो, घट्ट बसलेला फिल्टर न चिडता सोडवतो. वीस-पंचवीस मिनिटांत गाडी तयार. हा हात विकत मिळत नाही, दोन-तीन वर्षं रोज गाडीखाली गेल्याशिवाय येत नाही.

पण बारकाईने पाहिलं की भोकं दिसतात. जुनंच वायसर परत लावतो. नट "दाबून" बसवायचा म्हणून पान्याला पाइप लावतो. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर असं तीन-चार वेळा झालं की आटे जातात आणि दोनशे रुपयांच्या कामापायी गिऱ्हाइकाला अख्खा चेंबर बदलावा लागतो. लहान गाड्यांमध्ये हा नट बहुतेक वेळा २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळायचा असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि त्यासाठी टॉर्क पाना, म्हणजे मोजून जोर लावणारा पाना, लागतो. कित्येक गॅरेजांत टॉर्क पाना असतो, पण तो इंजिनचं हेड बसवायलाच निघतो. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलंय का, हेही हा मुलगा बघत नाही. त्यावर नवा फिल्टर चढला की दोन रबरं एकावर एक बसतात आणि रस्त्यात ऑइल फेकलं जातं.

आयटीआयचा मुलगा आधी गाडी सपाट जागी घेतो, हँडब्रेक ओढतो, चाकाला ठोकळा लावतो, मॅन्युअल मागतो. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवतो, हाताने टेकेपर्यंत फिरवून वर पाऊण फेरा देतो. हे त्याने शिकलेलं असतं आणि ते बरोबर असतं. मात्र त्याला तास-सव्वा तास लागतो. नटावर पाना तिरका बसतो, फिल्टर हलेना की गोंधळतो. एका मुलाने मला सरळ सांगितलं की दोन वर्षांत तो स्टँडवरच्या इंजिनवर आणि कापून ठेवलेल्या मॉडेलवरच शिकला होता, रस्त्यावर धावणाऱ्या गाडीखाली तो पहिल्यांदाच माझ्याकडे गेला. दुसऱ्या एका संस्थेतून आलेल्या मुलाचा हात मात्र गॅरेजवाल्याच्या तोडीचा होता, कारण तिथले निदेशक, म्हणजे शिकवणारे, स्टाफच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांची सर्व्हिसिंग मुलांकडून करून घेत. ट्रेड तोच, अभ्यासक्रम तोच, फरक एका निदेशकाने केला.

छोट्या कोर्सचा मुलगा क्रम पाठ करून आलेला असतो. हातमोजे, बूट, जॉब कार्ड, गिऱ्हाइकाशी बोलणं यात तो तिघांत पुढे. जॉब कार्डावर किलोमीटर आणि पुढची तारीख लिहिणारा पहिला मुलगा मला याच वाटेने मिळाला. पण क्रमाबाहेर काही घडलं, नट गोल झाला, नवा फिल्टर बसेना, की तो थांबतो. तीन महिन्यांत बिघडलेलं काम किती वेळा हातात येणार?

प्रश्नांची पाळी

पिकअप बीएस-६ आहे. म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या धुराच्या नियमांची, एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असलेली. मी विचारतो, ऑइल कोणतं घालशील? गॅरेजचा मुलगा म्हणतो, "डिझेलला पंधरा-चाळीस." हा ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड. आकडा चुकीचा असेलच असं नाही, पण डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. काजळी जाळून डीपीएफ साफ होतो. ऑइलमधल्या रसायनांची राख मात्र जळत नाही, ती साचत जाते. हे कारण कळलेला मुलगा ड्रममधलं सरसकट ऑइल ओतायला धजणार नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो. डिपस्टिकवर ऑइल घातल्यापेक्षा जास्त दिसतंय, काय झालं असेल? गॅरेजचा मुलगा म्हणतो, मागच्याने जास्त भरलं. आयटीआयचा चांगला मुलगा जरा विचार करून म्हणतो, डिझेल मिसळलं असेल. बरोबर. डीपीएफ साफ होताना काही इंजिनांत जादा डिझेल सोडलं जातं. गाडी गावातल्या गावात फिरत राहिली आणि ती सफाई अर्धवट तुटत राहिली, तर थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगला घातक ठरतं. बाजार समितीपासून जवळच्या गल्ल्यांत दिवसभर चालू-बंद होणाऱ्या पिकअपना हा त्रास होऊ शकतो. छोट्या कोर्सवाल्याचं उत्तर बहुधा "लेव्हल बरोबर करायची" एवढ्यावर थांबतं.

तिसरा प्रश्न सुरक्षेचा, आणि इथे मी कुणालाच सवलत देत नाही. जुन्या पंपाच्या डिझेल इंजिनवर कुठला सिलिंडर मिस मारतोय हे बघायला चालू इंजिनचा इंजेक्टरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) पाइप ढिला करायची पद्धत होती. उस्तादाने शिकवलेली ही सवय कॉमन रेलवर, म्हणजे आताच्या डिझेल इंजिनांच्या जबर दाबाच्या इंधन यंत्रणेवर, जीवघेणी आहे. त्या पाइपात चालू इंजिनला शेकडो बार, जोरावर असताना १६०० बारच्या पुढेही दाब असतो. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं. शिवाय पाइप उघडा ठेवला की धूळ आत जाते. इंजेक्टरच्या सुईची फट काही मायक्रॉनची असते. असे इंजेक्टर आपल्याच सातपूरला बॉशच्या कारखान्यात बनतात. तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा, धुळीच्या एका कणाची ते काय किंमत लावतात. गॅरेजमधून आलेल्या निम्म्या मुलांकडून मला ही सवय सोडवून घ्यावी लागली. नवं शिकवणं सोपं, सवय सोडवणं जड.

शेवटचा प्रश्न जळक्या ऑइलचा. कायद्याने तो घातक कचरा आहे, तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. गटारात ओतलेलं नासर्डी नदीत जातं आणि नासर्डी गोदावरीला मिळते. हा प्रश्न तिन्ही ठिकाणी क्वचितच परीक्षेत येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परीक्षा कोण घेतं, कशी घेतं

आयटीआयचा कागदावरचा हिशोब मला पटतो. मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड दोन वर्षांचा, मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा, ट्रॅक्टर मेकॅनिकही एक वर्षाचा. शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट होते. प्रात्यक्षिकात पास व्हायला किमान ६० टक्के, थिअरीला ३३ टक्के. वर्षभराच्या कामाचं मूल्यमापनही धरलेलं असतं आणि त्यालाही ६० टक्क्यांची अट आहे. म्हणजे रचनाकारांनी वजन हातालाच दिलंय. संस्थेत ते वर्षभराचं मूल्यमापन खरोखर जॉब बघून भरतात की वर्षअखेरीला वह्या गोळा करून, यावर सगळं ठरतं. मी दोन्ही पाहिलंय.

गॅरेजमध्ये परीक्षा नाही, पण रोज परीक्षा आहे. गाडी परत आली की नापास. हा निकाल कडक असतो आणि खरा असतो. अडचण अशी की मुलाला नापास का झालो हे कुणी सांगत नाही. शिवी मिळते, कारण मिळत नाही. शिवाय तो पहिले सहा महिने पाने पुसतो, टायर उचलतो, आणि पूर्ण सर्व्हिसिंग एकट्याने कधी करायला मिळेल हे उस्तादाच्या मनावर. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं तर गुन्हाच आहे, त्यावर चर्चा नको.

छोट्या कोर्सला शिकवणारं केंद्र स्वतः मूल्यमापन करत नाही, बाहेरून असेसर येतो. तत्त्व उत्तम. पण एका दिवसात अख्खी बॅच आणि समोर एक गाडी असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं येणार? एकाने नट काढला, दुसऱ्याने फिल्टर, तिसऱ्याने ऑइल ओतलं, आणि तिघेही "ऑइल बदलता येतं" म्हणून पास, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कौशल्य विकासाच्या या योजनेत एक चांगली सोय आहे, आधीच्या कौशल्याची दखल घेऊन प्रमाणपत्र देण्याची. पाच वर्षं गॅरेजात काढलेल्या पण कागद नसलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या कोर्सपेक्षा हीच वाट योग्य.

पैसा, वेळ, पुढची दारं

सरकारी आयटीआयची फी खासगीच्या मानाने फारच कमी आहे. प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन. त्र्यंबक रोडवरच्या सातपूरच्या सरकारी आयटीआयला जागा नाही मिळाली तर तालुक्याच्या आयटीआयचे पर्याय भरून ठेवा, रांगेत पुढचं नाव तुमचंच असू शकतं. गॅरेजमध्ये पैसा लागत नाही, उलट थोडा येतो. छोटा कोर्स बहुधा मोफत असतो, आणि याच कारणाने लोक त्याला भुलतात.

पुढच्या दारांत फरक मोठा आहे. दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, एक वर्षाच्या डिझेलने ते दार उघडत नाही. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करता येते, एसटीच्या कार्यशाळेत, कारखान्यात, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. आयटीआयमध्ये कच्चा राहिलेला हात त्या वर्षात पक्का होतो, आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कागदाशिवाय आत घेत नाहीत. स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल तर गिऱ्हाईक कागद विचारत नाही.

मुलींसाठी माझं मत स्पष्ट आहे: आयटीआय. तिथे त्यांच्यासाठी राखीव जागा असतात, आणि बाहेरच्या गॅरेजांत मुलीला हेल्पर म्हणून घेणारे अजून फार थोडे. माझ्याकडे एक मुलगी शिकाऊ म्हणून होती. तिच्या हातून टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) होताना फिलर गेजचा, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीचा, तो हलकासा ओढा तिला बोटांना पहिल्याच दिवशी कळला. मुलांना तो कळायला आठवडा लागतो.

"आता इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, इंजिन शिकून काय करायचं?" असं बरेच जण विचारतात. द्राक्षाच्या हंगामात बागांतून फिरणारे ट्रॅक्टर आणि ब्लोअर, लासलगावला कांदा नेणाऱ्या पिकअप, यांची आयुष्यं लांब आहेत. पंधरा वर्षं तरी हाताला काम राहील असं मला वाटतं. दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये वायरिंग आणि सेन्सरही शिकतात, तो पाया पुढे कामी येतो.

कुणी काय निवडावं

घर दोन वर्षं थांबू शकत असेल तर मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा आयटीआय, दुसऱ्या वर्षापासून रविवारी एखाद्या चांगल्या गॅरेजात, आणि मग वर्षाची शिकाऊ उमेदवारी. माझ्या मुलासाठी मी हेच केलं असतं. शेती आहे, ट्रॅक्टर घरचा आहे आणि गावातच काम करायचंय, तर ट्रॅक्टर किंवा डिझेलचं एक वर्ष पुरतं. घरात लगेच पैसा लागतोय, तर गॅरेज. पण उस्तादाशी आधीच बोलून घ्या: सहा महिन्यांनी मुलाला महिन्यातून निदान चार गाड्यांची सर्व्हिसिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने करायला देणार का, आणि नंतर कुणी तपासणार का. नाही म्हणाला तर दुसरं गॅरेज बघा. छोटा कोर्स पहिलं पाऊल म्हणून मी कुणाला सुचवत नाही. हात आधीच बसलेल्याला बीएस-६ किंवा दोष शोधायचा स्कॅनर शिकायचा असेल तर जरूर करावा.

प्रवेश घेण्याआधी संस्था बघायला जा, आणि कामाच्या वेळेत जा. वर्कशॉपमध्ये एक इंजिन चालू करून दाखवा म्हणा. ऑइलची ट्रे कोरडी आणि धुळीने भरलेली आहे का बघा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, "बाळा, तू एकट्याने किती गाड्यांचं ऑइल बदललंस?" तो आकडा सांगेल, किंवा निदेशकाकडे बघेल.