सायकल दुरुस्तीचं दुकान टाकताय? ‘पूर्ण किट’च्या फोनपासून सावध राहा

नाशिकमध्ये गिअरच्या सायकलींचं दुरुस्तीचं दुकान टाकायचं ठरलं. गाळ्याचं डिपॉझिट भरल्यावर हत्यारांसाठी एका ऑनलाइन बाजाराच्या साइटवर चौकशी टाकली आणि लगेच फोन आला, ‘लुधियानाहून बोलतोय.’ सायकली आणि सुटे भाग म्हटलं की देशात पहिलं नाव लुधियानाचंच, त्यामुळे गाव ऐकूनच विश्वास बसतो. फसवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

माणूस धंद्यातला वाटत होता. पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) ३/१६ इंचाचे बेअरिंगचे छर्रे आणि मागच्याला १/४ चे, हे त्यानं न विचारता सांगितलं. आधी थोडा माल मागवून बघा, म्हणाला. ट्यूब, ब्रेक शू, गिअरच्या केबल वेळेत आल्या, मालही चांगला होता. त्यानंतर त्यानं ‘पूर्ण किट’ पुढे केलं: चाकाची आऊट (डगमग) काढायचा स्टँड, सायकल टांगायचा स्टँड, कोन पाने, चेन कटर, टायर, रिम. एकूण ७४,००० रुपये, निम्मे आगाऊ. कोटेशनवर जीएसटी क्रमांकही होता.

३७,००० पाठवल्यावर बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आला. पाठोपाठ फोन: गाडी अडवलीय, ई-वे बिलात (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदात) चूक आहे, १८,००० भरा, माल पोचल्यावर परत मिळतील. ५०,००० च्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं हे खरं आहे, म्हणूनच ही थाप पचते. पण जीएसटीचा दंड सरकारी पोर्टलवर भरतात, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. ते पैसे मी पाठवले नाहीत. बिल्टी घेऊन थेट ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. त्या बिल्टीच्या नंबरवर कापडाच्या गाठी भलत्याच गावाला गेल्या होत्या.

तिथूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. ९,००० रुपये त्या खात्यात गोठवता आले, बाकीचे आधीच काढून नेले होते. ते माझ्या आईच्या भिशीचे पैसे होते आणि याचा राग मला अजून आहे. असं काही झालं तर पोलीस चौकीत कुणी भेटेल म्हणून थांबू नका, आधी १९३० लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फार झपाट्यानं फिरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही कुठलाही क्रमांक तपासता येतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पंजाबचे ०३ आणि आपले २७. आमच्या कोटेशनवरचा क्रमांक तपासला तर खरा निघाला! तो लुधियानातल्या एका चालू दुकानाचा होता. त्या मालकाला शोधून फोन केला, तर तोही हैराण. त्याच्या नावावर फसलेले लोक त्यालाच शिव्या घालत होते. म्हणून क्रमांक खरा आहे एवढ्यावर थांबू नका. पैसे ज्या खात्यात मागतात त्याचं नाव फर्मचं आहे का, ते बघा. आमच्याकडे खातं कुणा एका व्यक्तीच्या नावावर होतं.

त्यांच्या किटच्या यादीत एक खूणही आहे: ‘आट्यांवर बसणारी ७ स्पीड कॅसेट’. दोन्ही मागच्या चाकाच्या गिअरच्या चकत्याच, पण आट्यांवर (स्क्रूसारख्या) फिरवून बसतं ते फ्रीव्हील, कॅसेट हबच्या खाचांवर सरकवतात. जाणकार विक्रेता सहसा असं लिहिणार नाही. हीच ओळ असलेली यादी परवा कोल्हापूरच्या एका मुलाला आली, फोन नंबर मात्र वेगळा होता.