कलत्या आकेशियाला रॅचेट बेल्ट: सात महिन्यांचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी लांज्यातल्या आमच्या जागेत एक आकेशिया डोळ्यांसमोर फाटली. झाडाचा झोक उताराकडे होता. मशीनवाल्या दादांनी पुढे लहानशी खाच घेतली आणि मागून कापत आले. बुंधा अर्धा कापला जायच्या आतच कडाका झाला, खोड उभं चिरलं आणि मागची फाक उसळून डोक्याच्याही वर गेली. दादा बाजूला होते म्हणून वाचले. ते बरोब्बर मागे उभे असते तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

काजू लावायचे म्हणून उरलेल्या झाडांपैकी चाळीसेक गेल्या नोव्हेंबरपासून मी स्वतः, एका गड्याला सोबत घेऊन पाडली. खोड चिरलं तरी फाक उघडू नये म्हणून बुंध्याभोवती आवळायला ट्रकवर माल बांधायचे ५० मिमी रुंदीचे दोन रॅचेट बेल्ट घेतले. (आपल्याकडे वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे. कुठल्या झाडाला परवानगी लागते ते वनखात्यात आधी विचारा.)

बेल्ट कापाच्या वर वीतभर अंतरावर आवळायचा, दुसरा त्याच्यावर हात-दीड हातावर. रॅचेट झाडाच्या कुशीला ठेवायचं, पडायच्या दिशेला नाही आणि मागेही नाही. मार्चमध्ये एक झाड आडवं झाल्यावर पाहिलं, तर खोडात दोन हात लांब चीर गेलेली, पण फाक उघडलेली नव्हती. त्या एका झाडात बेल्टचे पैसे वसूल झाले. अशा खोडात ताण अडकून राहिलेला असतो, म्हणून रॅचेट सोडताना फाकेच्या रेषेत उभं राहू नका.

तरी सांगतो, बेल्ट ही नुसती राखीव सोय आहे. खरं काम कापाचं. झुकलेल्या झाडाच्या पाठीकडचे धागे ताणलेले असतात. मागून हळूहळू कापत गेलं की पुढचं लाकूड अजून जाड असतानाच वजन ओढू लागतं. जाड लाकूड वाकत नाही, मग खोड धाग्याच्या दिशेने वर फाटत जातं. म्हणून मी मागून कापायचं बंद केलं. आधी पुढे ७० अंशांची ऐसपैस खाच. मग तिच्यामागे बिजागरीपुरतं लाकूड (पडताना झाड ज्यावर वळतं ती न कापलेली पट्टी) राखून बारचं, म्हणजे साखळी फिरते त्या पात्याचं, टोक कुशीतून आरपार घालायचं. फूटभर जाडीच्या झाडाला बिजागरी साधारण ३ सेंटीमीटर, म्हणजे जाडीचा दहावा हिस्सा. तिथून मागे कापत यायचं आणि पाठीला तीन बोटं लाकूड शिल्लक ठेवायचं. झाड तेवढ्यावर उभं राहतं. आता बिजागरी दोन्हीकडून नीट बघायची, गड्याला लांब पाठवायचं आणि बाजूला उभं राहून ती शेवटची पट्टी मागून, किंचित खालून तोडायची. झाड एकदम जातं, फाटायला वेळच मिळत नाही. लगेच मागे तिरकं निघायचं.

टोक घुसवताना सुरुवात बारच्या नाकाच्या खालच्या भागाने करा. वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येते. हे मी आधी पडलेल्या ओंडक्यांवर आठवडाभर गिरवलं आणि मगच उभ्या झाडाला हात लावला. साखळी बोथट असेल तर हा प्रकार करूच नका; मी दर दोन-तीन झाडांनंतर गोल कानस फिरवायचो. सहा-सात इंचांच्या झाडात मात्र नाक घालायला जागा पुरत नाही. तसली कलती झाडं मी जाणत्या माणसाकडूनच पाडून घेतली.

बेल्टच्या तक्रारी दोनच. पॉलिस्टर थोडं ताणतं, आणि खडबडीत सालीने एकाची कड उसवली आहे. आता तो मालासाठीही वापरत नाही. ओढ्याकाठची जाड, दुबेळक्याची चार झाडं राहिली आहेत. त्यांच्यासाठी लोखंडी साखळी आणि ती आवळायचा बाइंडर घेणार आहे. तोवर ती उभी राहिली तरी चालतील.